सरकारी व खासगी कर्मचाऱ्यांना जाणवणाऱ्या भेदभावाचा तौलनिक अभ्यास कसा करावा

कामाच्या ठिकाणी होणारा भेदभाव सरकारी कर्मचाऱ्यांना अधिक जाणवतो की खासगी, हे तपासायला निघालेल्याने आधी एक गोष्ट पक्की करावी: प्रश्नावलीतून कर्मचाऱ्याची जाणीव कळते, भेदभाव खरोखर घडला की नाही याचा निवाडा होत नाही. व्याख्येसाठी आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा 1958 चा 111 क्रमांकाचा करार आधाराला घ्यावा. त्यात वंश, वर्ण, लिंग, धर्म, राजकीय मत, राष्ट्रीय मूळ आणि सामाजिक मूळ असे सात आधार नमूद आहेत. वय आणि अपंगत्व त्यांत नाहीत. ते आवर्जून जोडावेत.

सर्वाधिक वेळ प्रश्नांच्या शब्दरचनेला द्यावा. ‘येथे भेदभाव होतो का?’ आणि ‘तुमच्याबाबतीत झाला का?’ हे प्रश्न वरवर सारखे वाटतात. परंतु स्त्रियांवर नोकरीत अन्याय होतो असे मानणाऱ्या स्त्रियाही स्वतःवर तो झाल्याचे सहसा सांगत नाहीत, असे सामाजिक मानसशास्त्रज्ञ फे क्रॉस्बी यांच्या 1980 च्या दशकातील अभ्यासात आढळले. म्हणून दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे विचाराव्यात आणि शक्यतो ‘भेदभाव’ हा शब्द टाळून प्रत्यक्ष निर्णयाकडे वळावे. उदाहरणार्थ: ‘गेल्या 12 महिन्यांत तुमच्याइतकीच पात्रता व अनुभव असलेल्या सहकाऱ्याला मिळालेली एखादी संधी तुम्हाला नाकारली गेली का? असल्यास कोणती, आणि त्यामागचे कारण तुम्हाला काय वाटते?’

हे निर्णय दोन्ही क्षेत्रांत वेगळे असतात, आणि माझ्या मते तुलना इथेच फसते. सरकारी नोकरीत वेतनश्रेणी ठरलेली असते, त्यामुळे नाराजी बहुधा बदली, नेमणूक, गोपनीय अहवाल किंवा प्रशिक्षणासाठीची निवड यांभोवती साठते. खासगी आस्थापनेत ती पगारवाढ, मूल्यमापन आणि महत्त्वाच्या कामांच्या वाटपात दिसते. केवळ पगाराबद्दल विचारले, तर सरकारी कार्यालय उगीचच निर्दोष ठरेल. शिवाय सेवाज्येष्ठतेची यादी सर्वांसमोर असल्याने तिथे डावलले गेल्याचे लगेच लक्षात येते; शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याचा पगारच ठाऊक नसलेल्या खासगी कर्मचाऱ्याला मात्र तुलना करायला काही हाती नसते. म्हणून ‘सहकाऱ्यांचे वेतन तुम्हाला माहीत आहे का?’ हा प्रश्न अवश्य ठेवावा आणि कमी तक्रारींचा अर्थ कमी भेदभाव असा लावू नये.

नमुना निवडताना पद, सेवाकाळ, लिंग आणि नोकरी कायम की कंत्राटी हे पाहूनच गट जुळवावेत. भरलेले अर्ज वरिष्ठांच्या किंवा मनुष्यबळ विभागाच्या हातून गोळा करू नयेत, कारण एकाला बदलीची आणि दुसऱ्याला नोकरी जाण्याची धास्ती असते. ‘पूर्णपणे असहमत’ ते ‘पूर्णपणे सहमत’ अशा पाच पर्यायांच्या श्रेणीवरील एकेका प्रश्नाची दोन गटांत तुलना करण्यासाठी मान–व्हिटनी ही उत्तरांच्या क्रमावर आधारलेली संख्याशास्त्रीय चाचणी चालते. एखाद्या विभागात उत्तरे देणारे दोघे-तिघेच असतील, तर त्यांचे आकडे वेगळे छापू नयेत. पदनाम आणि वय एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.