इंग्रजी क्रियापदं चालवताना या चुका टाळा

मराठी क्रियापद लिंग, वचन, पुरुष सगळ्यांना जुमानतं: तो चालतो, ती चालते, त्या चालतात. इंग्रजीतल्या नियमित क्रियापदाची रूपं मात्र चारच. वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. तरीही माणसं अडखळतात, आणि बऱ्याचदा दोष इंग्रजीचा नसतो, मराठी सवयीचा असतो.

बाबा एकवचनीच

'माय फादर वर्क इन अ बँक.' बरं इंग्रजी येणारेही हे बोलून जातात. बाबा काम 'करतात', म्हणून मनात अनेकवचन बसलेलं असतं. इंग्रजीत आदरार्थी अनेकवचन नाही. बाबा, आजी, सर, साहेब सगळे एकवचनी. कर्त्याच्या जागी सर्वनाम घालून बघा. 'ही', 'शी' किंवा 'इट' बसलं, तर साध्या वर्तमानकाळात क्रियापदाला एस लागतो: 'माय फादर वर्क्स'. 'माय पेरेंट्स'च्या जागी 'दे' बसतं, म्हणून 'माय पेरेंट्स वर्क'. एस म्हणजे अनेकवचन ही नामाची सवय इथे नडते आणि 'दे वर्क्स' तयार होतं. 'एव्हरीवन' अर्थाने कितीही गर्दीचा असला तरी एकवचनी: 'एव्हरीवन वॉन्ट्स टी'.

काळाची खूण एकदाच

'डिड यू कॉल्ड हिम?' 'शी डझंट वर्क्स हिअर.' 'आय वॉन्टेड टू आस्क्ड.' तिन्हींत रोग एकच. प्रश्नात आणि नकारात 'डू' मदतीला येतं, आणि एस किंवा ईडीचा भार तेच उचलतं: डूचं डझ होतं, डिड होतं. मग मुख्य क्रियापद मूळ रूपात राहतं: 'डिड यू कॉल हिम?', 'शी डझंट वर्क हिअर'. क्रियापदाआधीच्या 'टू'नंतर आणि कॅन, विल, शुड, मस्ट यांच्यानंतरही मूळ रूपच: 'आय वॉन्टेड टू आस्क'.

हा नियम घोकून काही जण 'आय हॅव कॉल हिम' म्हणू लागतात. 'हॅव', 'हॅज', 'हॅड' यांच्यापुढे ईडी हवंच. नियमित क्रियापदांत ते रूप भूतकाळासारखंच दिसतं, त्यामुळे गोंधळ होतो.

आहे आणि होतो

'मी सहमत आहे' डोक्यात ठेवून 'आय ॲम अग्री' म्हटलं जातं. 'अग्री' स्वतःच क्रियापद आहे. 'आय अग्री' एवढंच पुरे. 'मी काल पुण्याला गेलो होतो' यातल्या 'होतो'मुळे 'आय हॅड व्हिजिटेड पुणे यस्टरडे' येतं. काल घडलेली एकच गोष्ट सांगताना 'आय व्हिजिटेड पुणे यस्टरडे' म्हणा. 'हॅड' लागतं ते भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कुठली हे दाखवायला: 'द बस हॅड स्टार्टेड बिफोर वी रीच्ड द स्टँड'.

स्पेलिंग

शेवटी ई असेल तर फक्त डी जोडा. व्यंजनानंतर वाय असेल तर वायचा आय होतो: स्टडी, स्टडीज, स्टडीड. आयएनजी लावताना मात्र वाय तसाच राहतो. स्वरानंतरचा वायही सहसा हलत नाही, जसं 'प्लेड'मध्ये. 'पेड'मध्ये मात्र तिथे आय येतो.

खरी मेख दुहेरी व्यंजनात आहे. एकाच अवयवाचा, म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्द, शेवटी एक स्वर आणि एक व्यंजन, तर व्यंजन दुप्पट: 'स्टॉप्ड'मध्ये दोन पी, 'प्लॅन्ड'मध्ये दोन एन. शब्द मोठा असेल तर आघात बघा. 'ॲडमिट'चा जोर शेवटी, म्हणून 'ॲडमिटेड'मध्ये दोन टी. 'व्हिजिट'चा जोर सुरुवातीला, म्हणून 'व्हिजिटेड'मध्ये एकच. डब्ल्यू, एक्स आणि वाय कधीच दुप्पट होत नाहीत. 'ट्रॅव्हल्ड'मध्ये ब्रिटिश पद्धतीने दोन एल, अमेरिकन पद्धतीने एक. एका मजकुरात एकच पद्धत पाळा.

ईडीचा उच्चार

'वॉकेड', 'वॉशेड' हे उच्चार स्पेलिंग वाचल्यामुळे होतात. ईडीचे उच्चार तीन. ते अक्षरावरून ठरत नाहीत, मूळ क्रियापदाच्या शेवटच्या ध्वनीवरून ठरतात. गळ्यावर बोट ठेवून तो ध्वनी काढा. कंप जाणवला नाही, तर ट: वॉक्ट, वॉश्ट, स्टॉप्ट, लाफ्ट. कंप जाणवला, तर ड: प्लेड, क्लीन्ड, कॉल्ड. शेवटी ट किंवा ड असेल, तरच वेगळा अवयव ऐकू येतो: वॉन्टिड, नीडिड. विशेषणं म्हणून येणारे 'नेकिड', 'विकिड' असे काही शब्द या हिशेबाबाहेरचे.

याचा फटका लेखनालाही बसतो. 'वॉक्ट टू द स्टेशन' भरभर बोलताना दोन ट एकमेकांत मिसळतात. कानाला ईडी लागत नाही आणि वहीत 'आय वॉक टू द स्टेशन यस्टरडे' उतरतं. 'आय यूज्ड टू प्ले'मधला डी याच कारणाने गळतो. तिथे तो लिहायलाच हवा. 'डिड यू यूज टू प्ले?' या प्रश्नात मात्र नको, कारण भूतकाळ 'डिड'ने आधीच घेतला आहे.