मोठेपणी अलायनर लावलेत? पहिले काही आठवडे असे निभवा

अलायनर म्हणजे दात सरळ करायला एकामागून एक बदलत घालायचे पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे. त्यातला पहिला ट्रे बसवून क्लिनिकच्या बाहेर आले आणि पाचच मिनिटांत वाटलं, एक्केचाळिसाव्या वर्षी आपण हा काय गाढवपणा करून बसलो. तोंडात कुणीतरी प्लास्टिकची वाटी कोंबल्यासारखं वाटत होतं, लाळ थांबत नव्हती, आणि त्यात फोन आला तर हॅलोच्या पुढे एक शब्द धड निघेना. आता 26 ट्रे आणि त्यानंतरचे 11 ज्यादा ट्रे संपवून सांगतेय, हे सगळं जातं, पण आपोआप जात नाही, थोडी शिस्त लागते आणि थोड्या युक्त्या. दोन्ही सांगते.

आधी हे प्लास्टिक करतं काय ते समजून घ्या, म्हणजे पुढच्या कटकटीमागचं कारण कळेल. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो, दाताचं मूळ आणि हाड यांच्यामधे बारीक तंतूंचा एक थर असतो. ट्रे दाताला हळूच एका बाजूला दाबतो, मग ज्या बाजूला दाब पडतो तिकडचं हाड विरघळतं आणि मागच्या बाजूला नवीन हाड भरत जातं. एका ट्रेमधे दात साधारण पाव मिलीमीटर सरकतो, बस. दाब सतत असेल तरच हे चालतं, ट्रे डबीत पडून राहिला तर दात आपल्या जुन्या जागेकडे परत निघतो. म्हणून डॉक्टर 20 ते 22 तास म्हणतात ते उगाच घाबरवायला नाही.

आता 22 तासांचा हिशोब करा. उरले दोन तास म्हणजे 120 मिनिटं. तीन वेळचं खाणं अर्ध्या अर्ध्या तासाचं धरलं तरी दीड तास गेला, उरलेल्या अर्ध्या तासात तीनदा ब्रश करायचा आणि ट्रे धुवायचा. म्हणजे येताजाता तोंडात काहीतरी टाकायची सवय असेल तर ती मेली समजा. मला हाच भाग सगळ्यात जड गेला, दुखणं वगैरे त्यापुढे काहीच नाही. चहा तर घोट घोट तासभर पीत बसायची सवय होती, ती सोडायला तीन आठवडे लागले आणि त्या तीन आठवड्यांत घरचे माझ्यापासून जरा लांबच राहिले. शेवटी चहा नाश्त्याबरोबर आणि दुसरा जेवणाबरोबर असं जोडून टाकलं. पहिला महिना मोबाईलवर स्टॉपवॉच लावा, ट्रे काढला की चालू, घातला की बंद. आपल्याला वाटतं दहा मिनिटंच काढला होता आणि निघतात पन्नास, हा माझा रोजचा अनुभव.

ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी प्यायचं. गरम चहा-कॉफीने ट्रेचा आकार बिघडू शकतो, रंग तर चढतोच, आणि साखर असलेलं काहीही प्यायलात तर ते ट्रे आणि दाताच्या मधे अडकून बसतं. तिथे लाळ नीट पोचत नाही त्यामुळे दात किडायला एकदम सोयीची जागा. 'एक घोट काय होतंय' असं वाटतं, मलाही वाटायचं. ज्याला दात सरळ पण किडलेले हवेत त्याने प्यावा.

दुखण्याबद्दल. नवीन ट्रे घातला की पहिले दोन-तीन दिवस दात ठणकतात, टोचल्यासारखं नाही तर आवळल्यासारखं, आणि चावताना पटाशीचे दात जास्त बोलतात. उपाय एकच आणि तो खरंच चालतो, नवीन ट्रे रात्री जेवून ब्रश करून झोपायच्या आधी घाला, पहिले आठ तास झोपेत निघून जातात. त्या दोन दिवसांत मऊ खा. गोळी लागलीच तर डॉक्टरला विचारून घ्या, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या रोज रोज घेतल्या तर दात सरकायचं काम मंदावू शकतं म्हणून बरेच जण पॅरासिटामॉल सांगतात. आणि एक गंमत, दुखतंय म्हणून ट्रे काढून ठेवला तर परत घालताना दुप्पट दुखतं. तेव्हा तो मोह नकोच.

दात किंचित हलतोय असं वाटलं तर घाबरू नका, सरकणारा दात थोडा हलतोच. मला एका रात्री आरशासमोर दात बोटाने हलवून हलवून रडू आलं होतं, दुसऱ्या दिवशी ऑर्थोडॉन्टिस्टने, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरने, बघून सांगितलं की हलवणं बंद करा मग कमी हलेल. पण जास्तच हलत असेल, हिरडीला सूज असेल, पू दिसत असेल किंवा रक्त थांबत नसेल तर पुढच्या तारखेची वाट बघत बसू नका. मोठ्या वयात हिरड्यांचं आणि हाडाचं दुखणं आधीच असू शकतं, म्हणून सुरुवातीलाच एक्सरे, दातांची सफाई आणि राहिलेली फिलिंग्ज उरकून घ्यायची, हिरड्या आजारी असताना दात ढकलणं म्हणजे ओल्या भिंतीत खांब सरकवणं. रूट कॅनल झालेला दात सहसा सरकवता येतो, इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रूसारखा बसवलेला कृत्रिम दात, मात्र जागचा हलत नाही, तुम्हाला असेल तर प्लॅन त्याच्या भोवतीनेच होतो.

बोलण्याचं आता. जीभ वरच्या दातांच्या मागे टेकते तिथेच आता प्लास्टिकचा थर आलाय, त्यामुळे स आणि श चा सगळा सत्यानाश, आणि मराठीत वर आपला चटईतला च आणि जहाजातला ज पण आहे, त्यांचीही वाट लागते. गप्प राहून हे जात नाही, बडबडूनच जातं. मी रोज दहा मिनिटं मोठ्याने वाचायचे आणि अंघोळ करताना एकसष्टपासून अडुसष्टपर्यंत उजळणी म्हणायचे, कारण त्यातल्या प्रत्येक आकड्यात स आहे आणि सुटका नाही. 'चटईला टाचणी टोचली' पण घ्या, लहानपणी जीभ वळत नाही म्हणून हसायचो, आता वळतच नाही. मला पाचव्या दिवशी फरक कळला, काहींना दोन आठवडे लागतात. आणि खरं सांगू का, समोरच्याला तुमच्या निम्मंही जाणवत नाही. महत्त्वाची मीटिंग असेल म्हणून ट्रे काढून बोलू नका, एकदा काढायची सवय लागली की दर मीटिंगला काढाल आणि जीभ कधीच शिकणार नाही. पाणी जवळ ठेवा, सुरुवातीला लाळ जास्त येते आणि नंतर काही जणांना उलट तोंड कोरडं पडतं.

ट्रे घालणं काढणं ही सुद्धा एक कला आहे. घालताना पुढच्या दातांवर ठेवून बोटांनी मागे दाढांपर्यंत दाबत जा, दाताने चावून बसवू नका, तडकतो. मग च्युई, म्हणजे स्पंजासारखी लहानशी नळी असते ती, एकेका दाताखाली धरून पाच-दहा मिनिटं चावा. ट्रे आणि दाताच्या टोकामधे हवेची फट दिसत असेल तर ट्रे बसलेला नाही, आणि तशीच फट ठेवून पुढचे ट्रे घालत गेलात तर तो दात मागे राहून जातो. माझ्या एका सुळ्याने हेच केलं, ज्यादाचे 11 ट्रे मुख्यतः त्याच्यासाठी लागले, च्युईचा कंटाळा केल्याचं फळ. काढताना एका बाजूच्या दाढेपासून आतल्या बाजूने नख घालून सोडवा, मग दुसरी बाजू, मग पुढे आणा. समोरून ओढलात तर ट्रे वाकतो. नखं नाजूक असतील तर प्लास्टिकचा छोटा हूक मिळतो तो घ्या. पहिल्या दिवशी मला ट्रे काढायला वीस मिनिटं लागली आणि घाम फुटला, आता एका हाताने दोन सेकंदात.

अडकतं कशामुळे तर अटॅचमेंटमुळे. दाताच्या रंगाच्या कंपोझिटचे बारीक उंचवटे दातांवर चिकटवतात, ट्रेला पकड मिळावी म्हणून. ट्रे घातला की फारसे दिसत नाहीत पण काढल्यावर जिभेला खडबडीत लागतात आणि सुरुवातीला गालाला आतून घासतात. एखादा पडला तर आकाश कोसळत नाही, ट्रे घालत राहा आणि क्लिनिकला कळवा, तो परत लावायची घाई आहे की पुढच्या भेटीत चालेल ते तेच सांगतील. काही जणांच्या दोन दातांमधून अगदी थोडं इनॅमल घासून जागा करतात, एका जागी अर्ध्या मिलीमीटरपर्यंत किंवा त्याहून कमी, ऐकायला भयंकर वाटतं पण दुखत नाही, नुसता आवाज नको वाटतो. वरचे आणि खालचे दात एकमेकांकडे ओढणारे रबर बँड सांगितले असतील तर तेही तितकेच तास लावायचे, ते सजावटीला दिलेले नसतात.

ट्रेची कड जिभेला किंवा गालाला कापत असेल तर सहन करत बसू नका. नवं कोरं नेल फायलर घेऊन फक्त तेवढाच टोचणारा भाग हळूच घासा, धुवा, परत घालून बघा. तात्पुरतं ऑर्थोडॉन्टिक मेण लावता येतं. छाले आले तर कोमट मिठाच्या पाण्याने चुळा भरा.

स्वच्छतेचं थोडक्यात. काढला की लगेच गार पाण्याखाली धरा, लाळ वाळली की वास आणि पांढरा थर दोन्ही बसतात. मऊ ब्रश आणि बिनरंगी सौम्य साबण पुरतो. टूथपेस्ट नको, त्यातल्या बारीक कणांनी ओरखडे पडून ट्रे धुरकट होतो, आणि मग तो न दिसणारा राहत नाही. गरम पाणी अजिबात नको, प्लास्टिक वाकतं. रंगीत माउथवॉशमधे भिजवायची आयडिया मी केली होती, आठवडाभर हिरवट दात घेऊन फिरले. खाल्ल्यावर ब्रश करून मगच ट्रे, आणि ब्रश शक्यच नसेल तर निदान खळखळून चुळा तरी.

आता सगळ्यात महत्त्वाचं, डबी. ट्रे एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही. टिश्यूत तर कधीच नाही. मी ऑफिसात जेवताना टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवला आणि ताटाबरोबर कचऱ्यात टाकला, मग सफाईच्या मावशी आणि मी दोघी डस्टबिनमधे वाकून, आणि मावशी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारतायत, 'मॅडम, दात सापडले का तुमचे?' सापडले नाहीत. घरात कुत्रा असेल तर आणखी सांभाळा, लाळेचा वास लागलेलं प्लास्टिक त्याला फार आवडतं. हरवलाच तर क्लिनिकला फोन करा. ट्रे संपत आला असेल तर बहुधा पुढचा घालायला सांगतात, नुकताच सुरू केला असेल तर मागचा. म्हणूनच मागचा ट्रे फेकायचा नाही, धुवून नंबर टाकून ठेवायचा, आणि प्रवासाला जाताना मागचा आणि पुढचा दोन्ही बरोबर घ्यायचे. पर्समधे डबी, घडीचा ब्रश, च्युई, एवढंच पुरतं.

मधेच केव्हातरी दाढा नीट टेकत नाहीयेत असं वाटेल, किंवा पुढचे वेडेवाकडे दात सरळ झाल्यावर हिरडीजवळ दोन दातांमधे काळा त्रिकोण दिसायला लागेल. मोठ्यांमधे हा त्रिकोण बऱ्यापैकी दिसतो, दातांची दाटी गेली की आधी झाकलेली फट उघडी पडते. दोन्ही गोष्टी डॉक्टरला दाखवा, पहिली बऱ्याचदा नंतर जुळते आणि दुसऱ्यासाठी दात जरासा घासणं किंवा फिलिंग असे उपाय असतात. दर दोन-तीन ट्रेनंतर सारख्या उजेडात फोटो काढा, आरशात रोज बघून काहीच बदलत नाही असं वाटतं, फोटोत कळतं.

शेवटचा ट्रे संपला म्हणजे सुटलो असं मला वाटलं होतं. नाही. नंतर रिटेनर येतो, म्हणजे सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारा ट्रे, आधी काही महिने डॉक्टर सांगतील तेवढे तास आणि मग रात्री, आणि तो रात्रीचा भाग संपत नाही, दात आयुष्यभर सरकायला बघतात. काहींना दातांच्या मागून बारीक तारही चिकटवतात. रिटेनर प्लॅनमधे धरलाय की वेगळा, आणि ज्यादाचे ट्रे लागले तर त्याचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या. आणि रिटेनर हातात पडेपर्यंत शेवटचा ट्रे घालत राहा, एकदा चार दिवस सोडून बघितलंय, पाचव्या दिवशी तो दाबून दाबून बसवावा लागला.