उन्हाळ्याआधी तळ्यातल्या पाणपिसवा सांभाळा

ऊन तापू लागले की शेततळ्याचे पाणी आधी पोपटी आणि मग गर्द हिरवे होते. ठिबकचे फिल्टर तुंबले की शेवाळ मारायला मोरचूद आणायची घाई होते. जरा थांबा. काचेच्या पेल्यात तळ्याचे पाणी घेऊन उजेडासमोर धरा. खसखशीएवढे पांढुरके ठिपके झटके देत खालीवर करताना दिसले, तर त्या डॅफ्निया, म्हणजे पाणपिसवा. पाणी गाळून त्यातले सूक्ष्म हिरवे शेवाळ खाणे हेच त्यांचे काम. मोरचुदाने शेवाळाआधी त्याच मरतात. मग शेवाळ पुन्हा माजते आणि खाणारे कोणीच उरलेले नसते.

पेल्यात काहीच हलले नाही, तर मासे नसलेल्या स्वच्छ डबक्यातून पाणपिसवा आणून सोडता येतात. भांडे अर्धा तास तळ्यात तरंगत ठेवा, पाण्याचे तापमान जुळले की संध्याकाळी हळूच ओता. बादल्या भरभरून आणायची गरज नाही. मादी नराशिवायही पिल्ले देते आणि 20 अंशांच्या आसपास, पोटभर खायला असेल तर, दर तीन-चार दिवसांनी नवी वीण निघते. पाणी फार तापले की मोठ्या जाती मागे पडतात, म्हणून हे काम कडक उन्हाळ्याआधीच उरका. मोइना ही लहान जात उष्णता अधिक सोसते.

खरी अडचण माशांची. मासा नजरेने टिपतो आणि सर्वात मोठी पाणपिसू आधी गिळतो. पाणी जास्त गाळणारीही तीच. तळ्यात मत्स्यबीज दाटले असेल तर पाणपिसवा सोडणे म्हणजे माशांना खाद्य घालणेच. मासे विरळ असतील तर काठाला पाणवनस्पती राहू द्या, दिवसा पाणपिसवांना लपायला आडोसा होतो. कीटकनाशकाचा पंप तळ्याकाठी धुवू नका, फवाऱ्याचा उडालेला तुषारही पाणपिसवा मरायला पुरे होतो.

धाग्यांचे शेवाळ त्या खात नाहीत, ते दाताळ्यानेच ओढून काढा. रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय आली तर त्यावरही त्यांचा फारसा इलाज चालत नाही. ती विषारी असू शकते, जनावरांना तिथे पाणी पाजू नका. शेणखताचे आणि खतांचे वाहून येणारे पाणी अडवले नाही, तर दोन्ही परत येतील.

आठवड्यातून दोनदा पेला धरून बघा. पाणपिसवा लालसर दिसू लागल्या तर पाण्यात प्राणवायू कमी आहे; कमी प्राणवायूत तग धरायला त्या अंगात हिमोग्लोबिन वाढवतात. त्या दिवसापासून रोज रात्री पहाटेपर्यंत एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारे यंत्र, चालू ठेवा.