रोडसाइड असिस्टन्सची मेंबरशिप घेताना या चुका टाळा

गाडी रस्त्यात बंद पडली तर मदत मिळावी म्हणून दरवर्षी पैसे भरावेत की नाही, हा प्रश्न माझ्या वारज्याच्या गॅरेजमध्ये येणारे बहुतेक लोक उशिरा विचारतात. कोणी पैसे भरून आल्यावर विचारतो, तर कोणी गाडी क्रेनवरून उतरवून घेताना. पुण्यात अशी मेंबरशिप साधारण एक ते अडीच हजार रुपयांत मिळते आणि जाहिरातीतल्या किमतीवर बहुधा १८ टक्के जीएसटी वेगळा लागतो. शहरातल्या शहरात खासगी क्रेनने गाडी एकदा हलवायलाही जवळपास तेवढाच खर्च येतो. त्यामुळे ‘वर्षातून एकदा गाडी बंद पडली की पैसे वसूल’ असा हिशेब लोक पटकन मांडतात. हा हिशेब अपुरा आहे, कारण गाडी कुठे बंद पडेल, ती कोणत्या प्रकारची आहे आणि तिच्यासाठी आपण आधीच काय विकत घेतलेले आहे, या तिन्ही गोष्टी त्यात येत नाहीत.

हाती काय आहे ते न पाहता नवीन घेणे

ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे आणि ती टाळायला अर्धा तासही लागत नाही. बहुतेक कार कंपन्या नव्या गाडीबरोबर पहिली काही वर्षे रस्त्यावरची मदत देतात, आणि एक्स्टेंडेड वॉरंटी घेतल्यास अनेकदा तिची मुदतही वाढते. त्याशिवाय विम्याच्या पॉलिसीत हेच संरक्षण अ‍ॅड-ऑन म्हणजे जादा पैसे भरून घेतलेली जोड म्हणून काहीशे रुपयांत मिळते, आणि शोरूममध्ये घाईने सह्या करताना ते जोडले गेले आहे हे कित्येक मालकांच्या लक्षातही आलेले नसते. कर्वेनगरचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडे मेंबरशिप घेऊ का असे विचारायला आले, तेव्हा मी त्यांना घरून सगळे कागद आणायला सांगितले. कंपनीची योजना अजून चालू होती, पॉलिसीत अ‍ॅड-ऑन होते आणि मुलाने फोनवरून घेतलेली एक खासगी मेंबरशिपही होती. एका गाडीसाठी त्यांनी तीन ठिकाणी पैसे मोजले होते आणि चौथ्या ठिकाणी मोजायच्या तयारीत होते.

माझी सवय अशी आहे की पॉलिसीचे शेड्यूल म्हणजे पहिली एक-दोन पाने समोर ठेवायची आणि अ‍ॅड-ऑनच्या ओळीवर पेन्सिलने खूण करायची. नंतर गाडीच्या वॉरंटीच्या पुस्तिकेत शेवटची तारीख आणि किलोमीटरची मर्यादा पाहायची. हे एजंटला फोनवर विचारून भागत नाही, कारण फोनवर ‘सगळं कव्हर आहे सर’ एवढेच उत्तर मिळते आणि कागदावर मर्यादा असतात.

याच कागदात आणखी एक गोष्ट असते, जी फार थोड्या लोकांना माहीत असते. अपघातामुळे गाडी चालण्याजोगी राहिली नाही, तर ती जवळच्या दुरुस्तीच्या ठिकाणी नेण्याचा वाजवी खर्च सर्वसमावेशक पॉलिसीतच धरलेला असतो. प्रमाणित मजकुरानुसार ही मर्यादा खासगी कारसाठी १५०० रुपये आणि दुचाकीसाठी ३०० रुपये आहे. नुसत्या बिघाडाला ही तरतूद लागू होत नाही, केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर ती मुळात नसतेच, आणि तेवढ्यासाठी क्लेम केला तर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. रस्त्यावरच्या मदतीचे अ‍ॅड-ऑन वापरल्याने साधारणपणे हा बोनस जात नाही, म्हणून ज्यांची गाडी शहरातच फिरते त्यांना मी बहुतेक वेळा वेगळ्या मेंबरशिपऐवजी हेच अ‍ॅड-ऑन घ्यायला सांगतो.

टोइंगचे किलोमीटर आणि क्रेनचा प्रकार न विचारणे

‘टोइंग मोफत’ हे दोन शब्द वाचून लोक निश्चिंत होतात. मोफत म्हणजे किती किलोमीटर, ते अंतर कुठून मोजायचे, गाडी कुठे नेणार आणि कशी नेणार, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय त्या शब्दांना काही अर्थ नाही. काही योजनांत मर्यादा २५ किलोमीटर असते, काहींत ५०, तर काहींत ‘जवळच्या अधिकृत वर्कशॉपपर्यंत’ असे लिहिलेले असते. मर्यादेपुढे दर किलोमीटरला पैसे लागतात आणि काही ठिकाणी क्रेन जिथून निघाली तिथपासून जाण्यायेण्याचे अंतर धरले जाते.

वारज्यातल्याच एका कुटुंबाची ऑटोमॅटिक गाडी जुलैच्या पावसात कोकणातून परतताना ताम्हिणी घाटात बंद पडली. बरोबर वृद्ध आई होती आणि अंधार पडत आला होता. मेंबरशिप होती, पण घाटाच्या मधल्या टप्प्यात मोबाईलला रेंज मिळत नाही, त्यामुळे घरातल्या मुलाला एका मोटारसायकलवाल्याबरोबर रेंज मिळेपर्यंत पुढे जाऊन फोन करावा लागला. कॉल सेंटरने लोकेशन पाठवा म्हणून सांगितले. जे लोकेशन गेले ते मुलगा उभा होता तिथले होते, गाडीचे नव्हते, आणि आलेली क्रेन आधी तिथे जाऊन थांबली. दीड तासाचे आश्वासन होते, प्रत्यक्षात रात्र बरीच झाली. क्रेन हुकची होती, म्हणजे गाडीची दोनच चाके उचलून ओढणारी. गाडीच्या पुढच्या बाजूला जायला रस्ता अरुंद असल्याने चालकाने मागची चाके उचलली आणि पुढची रस्त्यावर ठेवून गाडी ओढायला सुरुवात केली. मालकाने हटकले तेव्हा तो म्हणाला, “साहेब, माझ्याकडे हीच क्रेन आहे, न्यायची असेल तर सांगा, नाहीतर मी निघतो.” थकलेल्या माणसाने अशा वेळी काय करायचे? त्याने होकार दिला.

मोफत मर्यादा २५ किलोमीटरची होती आणि पुणे गाठायला त्याच्या दुपटीहून अधिक अंतर होते. वरचे पैसे रोख द्यावे लागले. मात्र खरे नुकसान पैशांचे नव्हते. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह होती, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते आणि ती चाके गिअरबॉक्सशी जोडलेली असतात. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो. इंजिन बंद असताना चाके फिरत राहिली, तर आतले भाग पुरेशा तेलाशिवाय घासत राहतात. गाडी माझ्याकडे आली तेव्हा मूळ बिघाड एका सेन्सरचा निघाला, पण गिअरबॉक्सचे काम त्याच्या कितीतरी पट मोठे झाले आणि ते चुकीच्या ओढण्यामुळे झाले असल्याने वॉरंटीतही बसले नाही.

म्हणून ऑटोमॅटिक, फोर व्हील ड्राइव्ह किंवा इलेक्ट्रिक गाडी असेल तर ‘फ्लॅटबेड मिळेल का’, म्हणजे गाडी पूर्णपणे वर चढवून नेणारा सपाट ट्रक मिळेल का, हा प्रश्न मी पहिला विचारायला लावतो. इलेक्ट्रिक गाडीत मोटरशी जोडलेली चाके फिरली तर मोटर वीज निर्माण करू लागते, त्यामुळे तिची चारही चाके जमिनीवरून उचललेलीच हवीत. फ्लॅटबेड देण्याची हमी लेखी नसेल तर ती मेंबरशिप अशा गाडीसाठी निरुपयोगी आहे, मग किंमत कितीही कमी असो. हाताने गिअर टाकायच्या जुन्या गाडीला मात्र एवढी चिंता करण्याची गरज नाही.

ताम्हिणी, वरंधा, माळशेज अशा वाटांवर वारंवार जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट करावी. मेंबरशिप घेण्याआधी कंपनीला फोन करून त्या वाटेवरच्या एखाद्या गावाचे नाव सांगावे आणि तिथे सेवा देणारा त्यांचा माणूस नेमका कुठल्या गावाचा आहे, हे विचारावे. माणगाव, पौड, भोर, महाड, ओतूर असे एखादे नाव पटकन मिळाले तर जाळे खरोखर आहे असे समजावे. ‘संपूर्ण भारतात सेवा’ असे उत्तर मिळाले तर मी ती योजना बाजूला ठेवतो.

मदत म्हणजे दुरुस्ती असे समजणे

मेंबरशिपमध्ये माणूस येतो, बॅटरीला जंप स्टार्ट देतो, स्टेपनी बदलतो, पेट्रोल आणून देतो किंवा गाडी ओढून नेतो. पेट्रोलचे, सुट्या भागांचे, नव्या बॅटरीचे आणि वर्कशॉपमधल्या कामाचे पैसे आपलेच असतात. चिखलात रुतलेली किंवा दरीच्या कडेला लटकलेली गाडी बाहेर काढणे हे बहुतेक योजनांत वेगळे काम धरले जाते. सीएनजी संपला तर तो कोणी आणून देत नाही.

पावसाळ्यात हा गैरसमज फार महागात पडतो. २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरले, त्यात सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या अनेक गाड्या बुडाल्या. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुरातही तेच झाले होते. अशा दिवशी एकाच भागातून शेकडो लोक एकदम फोन करतात, त्यामुळे क्रेन लवकर मिळण्याची अपेक्षा कोणत्याही मेंबरशिपकडून ठेवू नये. पाण्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे इंजिन स्वतः सुरू करून पाहणे हा तर मोठाच अपराध आहे. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि इंजिन प्रोटेक्शनचे अ‍ॅड-ऑन नसेल तर विमा कंपनी हे नुकसान नाकारते. नदीकाठच्या किंवा ओढ्याकाठच्या सोसायटीत राहणाऱ्याने दोन्हींपैकी एकावरच पैसे खर्चायचे ठरवले, तर मी त्याला मेंबरशिप सोडून इंजिन प्रोटेक्शन घ्यायला सांगेन.

स्टेपनी बदलायला न शिकणे

नव्याने गाडी शिकलेल्या मुलांचा उतावीळपणा मला इथे सर्वांत जास्त खटकतो. अ‍ॅप आहे, फोन आहे, म्हणून स्वतः काही शिकायची गरज नाही, असे त्यांना वाटते. पंक्चर आणि उतरलेली बॅटरी ही मदत मागवण्याची अगदी नेहमीची कारणे आहेत आणि दोन्हींवर थोड्या तयारीने मात करता येते. माझ्या ग्राहकांच्या मुलांना मी गॅरेजच्या आवारात एकदा तरी स्वतःच्या हाताने स्टेपनी बदलायला लावतो: आधी हँडब्रेक, मग नट थोडे सैल करणे, त्यानंतर जॅक लावणे. सीएनजी गाड्यांत डिकीत टाकी असल्याने स्टेपनी कुठे ठेवली आहे, किंवा मुळात दिली आहे का, हेही पुष्कळांना माहीत नसते. दर महिन्याला चाकांत हवा भरताना स्टेपनीतही भरावी, आणि बॅटरीला चार वर्षे होत आली की ती रस्त्यात दगा देण्याआधीच तपासून घ्यावी.

याला एक अपवाद आहे आणि तो गंभीर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा नवले पुलाच्या उतारावर वाहतुकीच्या बाजूचे चाक स्वतः बदलू नये. हॅझर्ड दिवे लावावेत, शक्य तितके डावीकडे घ्यावे, गाडीतल्या सगळ्यांना डाव्या बाजूने उतरवून कठड्यापलीकडे उभे करावे, आणि मगच फोन करावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा हेल्पलाइन क्रमांक आहे आणि त्यासाठी कोणतीही मेंबरशिप लागत नाही. तिथली क्रेन गाडी वाहतुकीतून बाजूला सुरक्षित ठिकाणी नेते, घरापर्यंत पोहोचवत नाही. सातारा, सोलापूर किंवा नाशिक रस्त्याने जाणाऱ्याने हा क्रमांक मेंबरशिपच्या क्रमांकाच्या आधी फोनमध्ये साठवावा.

काही छोट्या चुका

गाडी बंद पडल्यावर रस्त्यातच मेंबरशिप विकत घेऊ नये, कारण अनेक योजना पैसे भरल्यानंतर काही दिवसांनीच लागू होतात. मदतीचा क्रमांक इंटरनेटवर शोधू नये. तिथे फसवणूक करणाऱ्यांचे क्रमांकही असतात, म्हणून तो कागदावरून घेऊन गाडीच्या कप्प्यात लिहून ठेवावा. आपल्याकडची बहुतेक मेंबरशिप माणसाच्या नावावर नसून गाडीच्या नंबरवर असते, त्यामुळे घरातल्या दुसऱ्या गाडीला ती चालत नाही आणि जुनी गाडी विकल्यावर आपोआप नव्या गाडीवर येत नाही. दुचाकीसाठीच्या योजना वेगळ्या असतात, पण पेठांमधून आणि उपनगरांतून फिरणाऱ्या स्कूटरला कोपऱ्यावरचा पंक्चरवाला आणि ओळखीचा मेकॅनिक पुरेसा असतो.

मग मेंबरशिप कोणी घ्यावी? ज्यांची गाडी वॉरंटीबाहेर गेली आहे आणि तरीही महिन्या-दोन महिन्यांनी घाटापलीकडे जाते, ज्यांना रात्री एकट्याने हिंजवडी किंवा चाकणहून परतावे लागते, किंवा ज्यांच्या घरी वृद्ध आईवडील स्वतः गाडी चालवतात आणि मुले परदेशात असतात, त्यांनी ती अवश्य घ्यावी, आणि दोनशे-चारशे रुपये वाचवण्यासाठी कमी किलोमीटरची योजना निवडू नये. कोथरूड ते स्वारगेट एवढाच ज्यांचा प्रवास आहे त्यांनी हे पैसे नव्या बॅटरीसाठी बाजूला ठेवावेत. घेतलीच तर पैसे आपोआप कापले जाण्याची परवानगी देऊ नये. वर्ष संपण्याच्या आठवडाभर आधी पॉलिसीचे शेड्यूल पुन्हा उघडावे, कारण विम्याचे नूतनीकरण करताना तेच अ‍ॅड-ऑन मध्येच जोडले किंवा काढले गेलेले असू शकते.