जुनी ऑटोमॅटिक गाडी: गिअरबॉक्सचा दोष ओळखताना या चुका टाळा

सेकंड हँड ऑटोमॅटिक बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा ‘डी’त टाकून सोसायटीभोवती एक चक्कर मारतो. झटका बसला नाही तर गिअरबॉक्स चांगला, बसला तर खराब. दोन्ही निकाल चुकू शकतात. आपल्याकडे ‘ऑटोमॅटिक’ या एका नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात, आणि एकाचा जो स्वभाव तोच दुसऱ्याचा बिघाड असतो.

प्रकार न ओळखताच तपासणी

पहिलं यंत्र एएमटी. २०१४ च्या सेलेरिओपासून ते मोठ्या प्रमाणावर आलं. आत साधा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि एकच कोरडा क्लच. क्लच दाबायचं आणि गिअर टाकायचं काम तेवढं यंत्र करतं. बहुतेकांत ‘पी’ (पार्क) नसतो. दुसरं टॉर्क कन्व्हर्टर, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स ऑइलमधून जोडलेले असतात, म्हणजे जुनी आय१०, इनोव्हा यांच्यातलं. तिसरं सीव्हीटी, ज्यात ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुली असतात: होंडा सिटी, जॅझ, निस्सान मायक्रा. चौथं दोन क्लचांचं डीसीटी किंवा डीएसजी: पोलो जीटी टीएसआय, टर्बो व्हेन्यू.

नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. सुरुवातीच्या पेट्रोल इकोस्पोर्टमध्ये दोन क्लचांचा पॉवरशिफ्ट होता, २०१७ च्या बदलानंतर टॉर्क कन्व्हर्टर आला. बलेनोत आधी सीव्हीटी होता, २०२२ पासून एएमटी. पोलोतही डीएसजी जाऊन २०२० मध्ये टॉर्क कन्व्हर्टर आला. त्यामुळे आरसीवरचं उत्पादन वर्ष आणि नेमकं व्हेरियंट आधी जुळवून घ्या.

एएमटीत पहिल्या-दुसऱ्या गिअरदरम्यान डोकं पुढे जाणं हा त्याचा स्वभाव. तोच धक्का टॉर्क कन्व्हर्टरमध्ये बसला तर सोलेनॉइड (ऑइलचा दाब वळवणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), व्हॉल्व्ह बॉडी (हे व्हॉल्व्ह आणि ऑइलच्या वाटा असलेला भाग) किंवा ऑइलकडे बघावं लागतं. सीव्हीटीत ॲक्सिलरेटर दाबल्यावर आरपीएम आधी चढतो आणि वेग मागून येतो, त्याला ‘क्लच घसरतोय’ म्हणून नापास करणारे मेकॅनिकही कमी नाहीत. सीव्हीटीत शंका घ्यायची ती आरपीएमची सुई पाय स्थिर असताना वरखाली नाचली तर, किंवा निघताना गाडी थरथरली तर.

गरम गाडी बघणं

विकणाऱ्याने तुम्ही यायच्या आधीच गाडी फिरवून ठेवलेली असेल, तर अर्धी माहिती तिथेच गेली. बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी या, आणि इंजिन तुमच्यासमोर सुरू करायला सांगा.

थंड गाडीत ब्रेक दाबून ‘एन’मधून ‘डी’ आणि मग ‘आर’ लावा. टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीत साधारण सेकंद-दीड सेकंदात गिअर लागल्याची हलकी जाणीव व्हायला हवी. दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला, विशेषतः ‘आर’ला, तर ऑइल कमी आहे किंवा आतले सील कडक झाले आहेत. सील गरम झाले की फुगून दाब धरतात, म्हणून तीच गाडी अर्ध्या तासाने निर्दोष वाटते. सोलेनॉइड, टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप क्लच (वेगात इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा) आणि कोरडे क्लच यांचं उलट असतं: ते बऱ्याचदा गरम झाल्यावरच बोलतात. म्हणून ट्रायल २५-३० किलोमीटरची हवी, आणि त्यात तुंबलेली वाहतूक आणि चढ दोन्ही असावेत. पुण्यात असाल तर कात्रज घाटाचा जुना रस्ता त्यासाठी पुरतो.

डीएसजीची परीक्षा हायवेवर होत नाही. दहा-पंधरा मिनिटं मुंगीच्या वेगाने गाडी सरकवत राहा. दुसऱ्यातून पहिल्यात येताना थरथर वाढत गेली तर क्लच संपत आले आहेत. पोलोतल्या सात गिअरच्या डीक्यू२०० मध्ये १-३-५-७ एका क्लचवर आणि २-४-६ व रिव्हर्स दुसऱ्यावर असतात. रिव्हर्स घेताना आणि दुसऱ्यात निघताना सारखीच थरथर असेल तर दुसरा क्लच. एका बाजूचे गिअर अजिबातच लागत नसतील आणि डिस्प्लेवरची अक्षरं लुकलुकत असतील तर मेकाट्रॉनिककडे (क्लच आणि गिअर चालवणाऱ्या कंट्रोल युनिटकडे) बोट जातं, आणि तो खर्च क्लचपेक्षा कमी नाही.

एएमटीत क्लच बघायचा तर मोकळ्या रस्त्यावर मॅन्युअल मोडमध्ये चौथ्या गिअरला ४०-५० च्या वेगाने जा आणि ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएम झपकन चढला आणि वेग तिथेच राहिला, तर क्लचप्लेट गेली. चालता चालता गिअर सुटून डिस्प्लेवर ‘एन’ येत असेल तर ॲक्च्युएटर, म्हणजे गिअर टाकणारं यंत्र. हायड्रॉलिक एएमटीत पंपाची घरघर अधूनमधून ऐकू येते, ती ठीक. गाडी उभी असतानाही ती दर काही सेकंदांनी येत राहिली तर प्रणाली दाब धरून ठेवत नाही. क्लच बदलूनही झटके तसेच राहिल्याच्या तक्रारी येतात, त्यातल्या कित्येक ठिकाणी स्कॅनरने क्लच लर्निंग (नवा क्लच कुठे पकडतो ते कंट्रोलरला शिकवणं) केलेलंच नसतं.

दुसऱ्याचा दोष गिअरबॉक्सवर

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. गिअरबॉक्स उतरवण्याच्या गोष्टी सुरू होण्याआधी काही स्वस्त कारणं बाद करा.

बॅटरी पहिली. इंजिन बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्ट आणि चालू असताना साधारण १३.८ ते १४.४ हवेत. स्टार्ट करताना व्होल्टेज फार खाली गेलं की ट्रान्समिशनचा कंट्रोलर खोटे फॉल्ट नोंदवतो, कधी गाडी एकाच गिअरला अडकवून ठेवतो.

‘डी’ किंवा ‘आर’ लावताना धप्प आवाज येणं हे बरेचदा फाटलेल्या इंजिन माउंटिंगचं, म्हणजे इंजिनाच्या रबरी आधारांचं लक्षण. बॉनेट उघडा, आत बसलेल्याला ब्रेक घट्ट दाबून ‘डी’-‘आर’ करायला सांगा, आणि स्वतः गाडीच्या बाजूला उभे राहून इंजिन किती उसळतं ते बघा. पुढे उभं राहायचं नाही. घाणेरड्या थ्रॉटल बॉडीमुळे (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागामुळे) आयडलिंग चढलं असेल तरी गिअर लागताना असाच धक्का बसतो.

५० ते ८० च्या वेगाला हलक्या पायावर गाडी थरथरते, जणू खडबडीत पट्ट्यांवरून चाललीय. हा लॉकअप क्लचचा दोष असू शकतो आणि इग्निशन कॉइलचाही. मोकळ्या रस्त्यावर, मागे कुणी नाही ना बघून, ॲक्सिलरेटर तसाच धरून ब्रेकला नुसता स्पर्श करा. बऱ्याच टॉर्क कन्व्हर्टर गाड्यांत त्याने लॉकअप सुटतो. थरथर त्याच क्षणी थांबली तर दोष कन्व्हर्टरच्या बाजूला, तशीच राहिली तर आधी प्लग आणि कॉइल. दोन-अडीच हजारांची कॉइल न बदलता कन्व्हर्टर उघडणं हा शुद्ध वेडेपणा.

लिव्हर ‘पी’तून निघत नसेल तर ब्रेक लाइटचा स्विच आधी बघा, मागचे दिवे लागतात का ते पाहिलं तरी पुरतं. आणि गुणगुण आवाज वळणावर बदलत असेल तर तो चाकाच्या बेअरिंगचा. सीव्हीटीच्या बेअरिंगचा आवाज वळणाला दाद देत नाही.

स्कॅनरवर आंधळा विश्वास

स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुधा फक्त इंजिनचे बिघाडाचे कोड वाचतो. त्यावर पी०७०० दिसला तर त्याचा अर्थ ‘ट्रान्समिशनच्या कंट्रोलरमध्ये कोड आहे, तिथे बघा’ एवढाच. खरी माहिती त्या मॉड्यूलमध्ये असते: पी०७१५ म्हणजे इनपुट स्पीड सेन्सरचं सर्किट, पी०७३० म्हणजे गिअरचं गुणोत्तर चुकतंय, पी०७४१ म्हणजे लॉकअप क्लच पकडत नाही. सेन्सरचा कोड आला की सेन्सर बदलायचा, ही सवयही महाग पडते. आधी वायरिंग आणि कनेक्टर, त्यात ऑइल झिरपलंय का, ते बघा.

एकही कोड नाही म्हणून खूश होऊ नका. साध्या स्कॅनरमध्येही बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासूनचं अंतर’ दिसतं. ऐंशी हजार चाललेल्या गाडीत तिथे १२ किलोमीटर दिसले, तर पुसण्याचं कारण विचारा. बॅटरी काढून लावली की काही गाड्यांत गिअरबॉक्सने शिकलेल्या सेटिंग्जही जातात, म्हणून छोट्या चकरेत दोष लपू शकतो.

स्टॉल टेस्ट करणारे मेकॅनिक भेटतील: ब्रेक पूर्ण दाबून ‘डी’त पूर्ण रेस. ती फक्त टॉर्क कन्व्हर्टरसाठी आहे, ऑइल गरम असताना, पाच सेकंदांच्या आत, आणि कंपनीने त्या गाडीसाठी दिलेला आकडा हाताशी असेल तरच. एएमटी, डीएसजी किंवा सीव्हीटीवर करू देऊ नका. दुसऱ्याच्या मालकीच्या गाडीवर तर नाहीच.

ऑइल

डिपस्टिक असलेल्या गाडीत पातळी सहसा इंजिन चालू आणि ऑइल गरम असताना बघतात. ‘पी’ की ‘एन’ ते मॅन्युअल सांगतं. थंड ऑइलवर पातळी पाहून ऑइल ओतलं की पातळी जास्त होते, ऑइल फेसाळतं आणि गिअर घसरतात. डिपस्टिक नसेल तर ठरावीक तापमानाला, गाडी सपाट रॅम्पवर असताना, लेव्हल प्लगमधून पातळी धरतात. गॅरेज तापमान न बघता हे करत असेल तर दुसरं गॅरेज शोधा.

पांढऱ्या कागदावर एक थेंब घ्या. काळपट आणि जळका वास म्हणजे क्लचचं अस्तर जळालंय. गिअरबॉक्सच्या तळाच्या ऑइल चेंबरमधल्या मॅग्नेटवर करडी बारीक पेस्ट चालते. बोटाला टोचणारे चकचकीत कण चालत नाहीत.

‘लाइफटाइम ऑइल आहे, बदलावं लागत नाही’ यावर विसंबू नका. आपल्या उन्हात आणि ट्रॅफिकमध्ये ४० ते ६० हजार किलोमीटरला टॉर्क कन्व्हर्टर आणि सीव्हीटीचं ऑइल बदललेलं बरं, आणि त्याची पावती मागा. प्लग काढून साधारण तीन-चार लिटरच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून तीन-चारशे किलोमीटरच्या अंतराने दोनदा-तीनदा बदलतात. निघालेलं ऑइल मोजून घ्या, म्हणजे किती भरायचं याचा अंदाज येतो. सीव्हीटीत साधं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं नेहमीचं ऑइल) कधीही नाही. तिथे पट्टा आणि पुली या पोलादी भागांना ऑइलमधूनच पकड मिळते. चुकीच्या ऑइलने पट्टा घसरतो आणि पुलीवर ओरखडे उठतात. ते ऑइल बदलून जात नाहीत.

ऑइल गुलाबी दुधासारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. एक वाट रेडिएटरमधल्या कूलरची: आत फुटून कूलंट मिसळतं. दुसरी पुराची. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेलं. अशा पुरांत बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून लांबच्या शहरांत विकल्या जातात. गिअरबॉक्सच्या ब्रीदर नळीतून पाणी आत जातं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून गाळाची रेघ बघा, स्टेपनीखालचा खळगा बघा, डॅशबोर्डखालचे कनेक्टर हिरवे पडलेत का बघा, आणि इन्शुरन्स क्लेमचा इतिहास मागवा. क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर कागदासारखं आणि डिंकाने चिकटवलेलं असतं. पाण्याने ते सुटतं, आणि काही महिन्यांनी त्याचे तुकडे व्हॉल्व्ह बॉडीत अडकतात. अशा गाडीत नुसतं ऑइल बदलून देतो म्हणणाऱ्याला नाही म्हणा; घ्यायचीच असेल तर किमतीतून पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च वजा करून बोला.