सरकारी दवाखान्यात दात दाखवायचाय? आधी या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक आधीच सांगते, ती म्हणजे दुखायचं थांबलं म्हणून न जाणं. आधी गार पाण्याने झिणझिणतं, मग गरमही सहन होत नाही, मग रात्री आडवं पडलं की ठणका सुरू, आणि एक दिवस अचानक सगळं शांत. माणूस म्हणतो, चला, सुटलो एकदाचे. पण सुटलेलं काहीच नसतं, आतली नस मेलेली असते म्हणून दुखत नाही आणि इन्फेक्शन मुळाच्या टोकातून हाडात उतरायला लागलेलं असतं. पुढे तोच दात गाल सुजवून त्रास देतो. सरकारी सेवेत नंबर लागायला वेळ लागतो हे सगळ्यांना माहितीये, मग गार लागायला लागलं तेव्हाच नाव नोंदवा ना! तेव्हा गेलात तर बऱ्याचदा साध्या फिलिंगमध्ये भागतं, उशीर झाला तर रूट कॅनाल, म्हणजे आतली नस काढून दात भरणं, आणि अजून उशीर झाला तर दात काढण्याशिवाय पर्याय राहत नाही.

जायचं कुठे ते न विचारता निघणं

प्रत्येक सरकारी दवाखान्यात डेंटिस्ट असतोच असं नाही, आणि असला तरी रोज असेल, सगळी कामं करेल असंही नाही. छोट्या केंद्रात तपासणी, गोळ्या आणि दात काढणं होतं, रूट कॅनालसाठी मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी देतात. म्हणून आधी फोन करा, आणि नुसतं "दवाखाना चालू आहे का" विचारू नका. दातांची ओपीडी कोणत्या दिवशी असते, नंबर किती वाजेपर्यंत लावता येतो, चिठ्ठी लागते का, कागदपत्रं कोणती आणायची, आणि मला जे काम करायचंय ते तुमच्याकडे होतं का, एवढं विचाराच. कॅप, कवळी, तारा, इम्प्लांट या गोष्टी बऱ्याच ठिकाणी मोफत सेवेत बसत नाहीत किंवा ठराविक वयालाच मिळतात, हे खुर्चीत बसल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

डेंटल कॉलेजला "विद्यार्थी शिकणार आपल्या दातावर" म्हणून नाही म्हणणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. तिथे विद्यार्थी काम करतो पण प्रत्येक टप्पा सर किंवा मॅडम येऊन तपासतात आणि मगच पुढचं काम होतं. त्यामुळे वेळ जास्त जातो हे खरं, अर्धा दिवस मोकळा ठेवूनच जा.

त्रास नीट न सांगणं

खिडकीवर किंवा फोनवर आपण म्हणतो "दात दुखतोय". हे सगळेच म्हणतात, त्यावरून तुम्हाला आज बघायचं की पुढच्या महिन्यात, हे समोरच्याला कसं कळणार? तिथे नंबर फक्त आधी आला त्याचा आधी असा नसतो, त्रास किती आहे त्यावरही ठरतो. म्हणून असं सांगा, "खालची उजवीकडची दाढ, चार दिवसांपासून दुखतीये, रात्री झोप लागत नाही, गोळी घेतली तरी दोन तासांनी परत सुरू होतं, कालपासून गाल सुजलाय." वाढवून सांगू नका पण लाजून कमीही करू नका. आणि वेटिंग लिस्टवर नाव असताना त्रास वाढला तर परत फोन करून कळवा, कारण कळवल्याशिवाय तुमचं नाव पुढे सरकणार नाही. फोन नंबर बदलला असेल तर तोही कळवा. कोणी अपॉइंटमेंट कॅन्सल केली तर मी येऊ शकतो असं सांगून ठेवलं तर कधी कधी लवकर काम होतं. आणि आपल्याला जमणार नसेल तर आधी कळवायचं, न सांगता गैरहजर राहिलात तर बऱ्याच ठिकाणी नाव यादीतून काढतात.

नंबरची वाट बघत बसू नये असे प्रसंग

सूज जबड्याखाली किंवा मानेकडे उतरतेय, तोंड उघडत नाही, गिळता येत नाही, श्वासाला त्रास होतोय, सुजेबरोबर ताप आहे, यातलं काहीही असेल तर दातांची ओपीडी कधी उघडते ते बघू नका, सरळ हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला जा. हे जिवावर बेतू शकतं.

दुसरं म्हणजे पडून किंवा मार लागून पक्का दात मुळासकट निघाला तर. तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचला, मुळाला हात लावू नका, घासू तर अजिबात नका. मळला असेल तर पाण्याखाली नुसता धरा आणि जागेवर परत बसवा, नाही जमलं तर दुधात टाकून डेंटिस्टकडे पळा. अर्ध्या तासात पोहोचलात तर दात जगायची शक्यता चांगली असते. दुधाचा दात मात्र परत बसवायचा नसतो, खाली पक्का दात तयार होत असतो त्याला इजा होते.

घरचे उपाय आणि उरलेल्या गोळ्या

दुखणं थांबवायची गोळी हिरडीवर दाबून ठेवू नका, हिरडी भाजते. आणि मागच्या वेळच्या उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. दाताच्या आतली नस मेली की तिथे रक्त पोहोचत नाही, मग औषध तरी कसं पोहोचणार? सूज थोडी उतरते पण मूळ कारण दातातच राहतं, ते साफ करावंच लागतं.

उपाशी जाणं, औषधं लपवणं

नुसतं इंजेक्शन देऊन दात काढायचा असेल तर उपाशी राहायची गरज नसते, उलट रिकाम्या पोटी चक्कर येते, शुगरवाल्यांनी तर खाऊन आणि आपली औषधं घेऊनच जावं. पूर्ण भूल देणार असतील तेव्हाची गोष्ट वेगळी, तेव्हा ते सांगतील तसं करा. रक्त पातळ करायची गोळी, हाडांच्या ठिसूळपणाची गोळी किंवा इंजेक्शन, ॲलर्जी, प्रेग्नन्सी, हे विचारायच्या आधीच सांगा. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नका, ते डॉक्टरांना ठरवू दे.

ट्रीटमेंट अर्धवट सोडणं

याचं मला सगळ्यात वाईट वाटतं. रूट कॅनालच्या पहिल्या बैठकीत नस काढतात, वर टेम्पररी फिलिंग भरतात, दुखणं थांबतं आणि माणूस परत फिरकतच नाही. ते फिलिंग काही आठवड्यांपुरतंच असतं, झिजलं की फटीतून जंतू परत आत. वाचलेला दात हातचा जातो आणि नवीन नंबरसाठी परत सगळ्यात मागे उभं राहावं लागतं. म्हणून निघतानाच पुढची तारीख घ्या आणि एक्स-रे, केसपेपरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, दुसरीकडे पाठवलं तर परत पहिल्यापासून सांगत बसावं लागत नाही.

दात काढल्यावर कापूस चांगला दाबून धरा आणि पहिले २४ तास जोरात गुळण्या, थुंकणं, सिगारेट बंद, नाहीतर खड्ड्यातली रक्ताची गाठ निघून येते. दोन-चार दिवसांनी दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढलं तर बहुतेक तेच झालेलं असतं. अशा वेळी चिडून दुसरीकडे जाऊ नका, जिथे काढलाय तिथेच परत जा, खड्डा धुऊन औषध भरलं की आराम पडतो.

मुलांच्या बाबतीत

साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दातांच्या मागे एक दाढ येते, कुठलाही दात न पडता येते म्हणून ती दुधाचीच समजून आईवडील सोडून देतात. ती पक्की असते, किडली तर बदली दात नाही. शाळेत तपासणी होऊन चिठ्ठी आली तर ती दप्तरात राहू देऊ नका. लहान मुलांच्या किडीवर काही ठिकाणी सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड नावाचं कीड थांबवणारं औषध लावतात, ना ड्रिल ना इंजेक्शन, २०२१ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही ते आहे. त्याने किडलेला भाग काळा पडतो. तो काळेपणा औषधाचाच असतो, म्हणून घाबरून पुढची तारीख चुकवू नका, कीड खरंच थांबली का हे त्या तपासणीतच कळतं.