दारावर चांदीची मोड घेणारा आला तर

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी आणि पेरणीच्या तोंडावर, म्हणजे घरात रोकड कमी असते तेव्हाच, चांदीची मोड (जुने, मोडीत काढायचे दागिने) घेणारे खान्देशात गावोगाव फिरतात. चांदी महागली की फेऱ्या आणखी वाढतात. विकायला हरकत नाही, पण भाव विचारण्याआधी टंच, म्हणजे शंभरात शुद्ध चांदी किती, आणि वजन विचारा.

समजा, ३०० ग्रॅमचे तोडे ८० टंचाचे निघाले. शुद्ध चांदी झाली २४० ग्रॅम. तिला जळगावच्या सराफ बाजारातल्या त्या दिवसाच्या शुद्ध चांदीच्या भावाने गुणा. फिरता व्यापारी यातून गाळणीची घट, प्रवास आणि नफा कापणार, ते रास्तच. मात्र तो ‘नगाला इतके’ म्हणाला, की डाग परत कपाटात ठेवा.

जुने रुपये तर ढिगाने कधीच देऊ नका. राणीछाप रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात सुमारे ९१.७ टक्के चांदी. १९४० पासूनच्या रुपयात ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया निव्वळ निकेलचा. वर्षे पाहून नाणी वेगळी करा. एखादे दुर्मीळ नाणे संग्राहक जास्त दराने घेतो.

उलट, भाव चढतोय म्हणून चांदी साठवायची असेल तर दागिने नकोत, वीट किंवा नाणी घ्या. दागिन्यांची मजुरी परत मिळत नाही, आणि ३ टक्के जीएसटी तर कशावरही जातोच. आणि चढलेला भाव कोसळतोही: अमेरिकेतल्या अब्जाधीश हंट बंधूंनी चांदी साठवली तेव्हा, जानेवारी १९८० मध्ये, भाव औंसाला ५० डॉलरच्या आसपास होता; मार्चअखेर तो ११ डॉलरखाली आला.